पांढऱ्या फॉस्फरसची आगकाडी

१८३० नंतर युरोपात पांढऱ्या फॉस्फरसची आगकाडी बाजारात आली आणि कोणत्याही खरबरीत जागेवर घासताच पेटणाऱ्या या स्वस्त वस्तूने चकमकीला घराघरांतून हद्दपार केले. मात्र ज्या कारखान्यांत काड्यांची टोके फॉस्फरसच्या लगद्यात बुडवली जात, तेथील हवेत त्याची वाफ सतत भरलेली असे. या कामगारांच्या जबड्याचे हाड कुजते, असे व्हिएन्नातील लोरिन्सर या वैद्याने १८४५ मध्ये नोंदवले. दातदुखीने सुरू होणाऱ्या या विकारात हिरड्यांतून पू वाहू लागे, हाडाचे तुकडे सुटत आणि अनेकदा खालचा जबडाच काढून टाकावा लागे. वाफ किडक्या दातांवाटे शिरते या समजुतीने कामगारांचे दात तपासले व उपटले जात. उपाय विषावर न होता तोंडावर होत असे.

पुढची दिरंगाई अज्ञानाच्या माथी मारता येत नाही. त्याच मूलद्रव्याचे, परंतु सहज वाफ न होणारे रूप म्हणजे तांबडा फॉस्फरस. तो पेटीच्या कडेला लावून सुरक्षित काडी बनवण्याची रीत स्वीडनमध्ये सिद्ध झाली होती आणि लंडनच्या ब्रायंट अँड मे कंपनीने १८५५ मध्ये तिचे ब्रिटनमधील हक्कही घेतले होते. तरीही हीच कंपनी पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बनवत राहिली, कारण त्या स्वस्त पडत आणि पेटीवाचूनही पेटत.

१८८८ मध्ये ॲनी बेझंट यांनी, म्हणजे पुढे होमरूल चळवळीमुळे महाराष्ट्राला परिचित झालेल्या बाईंनी, या कारखान्यावर लेख लिहिला आणि त्यानंतर सुमारे १४०० स्त्रिया व मुलींनी संप केला. हा संप फॉस्फरसविरुद्ध होता असे पुष्कळदा सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. मुख्य तक्रारी दंडाच्या आणि अपुऱ्या मजुरीच्या होत्या. जेवणासाठी स्वतंत्र जागा देण्याचे मान्य झाले, हे मात्र आरोग्याच्या दृष्टीने मोलाचे होते, कारण तोवर कामाच्या जागीच खाल्ल्या जाणाऱ्या पावाबरोबर विषही पोटात जाई. काड्यांतला फॉस्फरस मात्र तोच राहिला. दहा वर्षांनी १७ रुग्णांची माहिती सरकारला न दिल्याबद्दल कंपनीला सुमारे २५ पौंड दंड झाला.

फिनलंड व डेन्मार्क यांनी १८७० नंतरच्या दशकातच बंदी घातली होती. इतर देश हलले ते १८९८ मध्ये फ्रेंच रसायनज्ञांनी कोठेही पेटणारी बिनविषारी काडी शोधल्यावर, म्हणजे बंदीमुळे गिऱ्हाइकाची सोय जाणार नाही अशी खात्री झाल्यावर. १९०६ मध्ये बर्न येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, ब्रिटनचा कायदा १९०८ मध्ये आला, अमेरिकेने १९१२ मध्ये बंदीऐवजी जबर कर बसवला आणि हिंदुस्थानात १९१३ चा प्रतिबंधक कायदा झाला.

विकार विस्मृतीत गेल्यावर, २००३ पासून, हाडांच्या आजारांवर दिल्या जाणाऱ्या बिस्फॉस्फोनेट या फॉस्फरसयुक्त औषधांमुळे काही रुग्णांत जबड्याचे हाड तसेच मृत होत असल्याचे आढळू लागले, तेव्हा शल्यवैद्यांना आगकाडी कारखान्यांतील जुन्या नोंदी पुन्हा उघडाव्या लागल्या.