चनाजोर गरम

मित्रहो, या स्मरणिकेत वर्गातल्या, प्रयोगशाळेतल्या आणि स्टाफरूमच्या दारातल्या आठवणी भरपूर असणार, म्हणून मी मुद्दाम फाटकाबाहेरचा विषय घेतला आहे. मधल्या सुट्टीत आपण ज्या आरोळ्या ऐकून धावत सुटायचो, त्यांना इतिहास आहे आणि तो चक्क संगीताचा आहे.

युरोपात तो कागदावर सापडतो. क्लेमाँ झानकँ या फ्रेंच रचनाकाराने 1530च्या सुमारास पॅरिसच्या फेरीवाल्यांच्या हाका गुंफून चार आवाजांचं गाणं रचलं. पुढे लंडनमध्ये ऑर्लँडो गिबन्सने, म्हणजे राजाच्या प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाने, रस्त्यावरच्या आरोळ्या तंतुवाद्यांच्या साथीवर बसवल्या. 1711मध्ये जोसेफ अ‍ॅडिसनने ‘स्पेक्टेटर’ या पत्रात त्यांची थट्टा केली आहे. त्याचं म्हणणं असं की, माल कोणता हे शब्दांवरून नाही, चालीवरून ओळखावं लागतं. खेड्यातून आलेलं पोर मग भाते दुरुस्त करणाऱ्याकडे सफरचंदं मागायला धावतं!

थट्टा सोडली तर निरीक्षण अचूक आहे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला व्यंजनं पोचत नाहीत, स्वर पोचतात. चालता चालता ओरडणारा विक्रेता म्हणून शब्द झिजवतो आणि शेवटचं अक्षर लांबवतो. कल्हईवाल्याची नुसती ‘ईऽऽ’ ऐकून घरोघरी पितळेची भांडी बाहेर यायची. पिंजारी तर तोंडही उघडत नसे, धनुकलीची तार छेडली की काम झालं.

चनाजोर गरमवाल्याचं मात्र उलटं आहे. तो एका जागी उभा राहतो, भोवती माणसं जमवतो आणि चणे, कांदा, मसाला, लिंबू कालवून पुडी हातात देईपर्यंत त्यांना धरून ठेवतो. त्याला शब्द लागतात, यमकं लागतात. दोन ओळी जुळवायच्या, पुन्हा ‘चनाजोर गरम’वर यायचं, पुन्हा दोन ओळी. चणे कोण खातो आणि खाल्ल्यावर त्याचं काय होतं, एवढंच सूत्र. त्यात कोणालाही बसवता येतं. गिऱ्हाइकाला बसवता येतं, तसं सरकारलाही.

हे बनारसच्या भारतेंदु हरिश्चंद्रांनी बरोबर हेरलं. त्यांचं ‘अंधेर नगरी’ हे हिंदी प्रहसन 1881चं. बनारसच्या नॅशनल थिएटरसाठी ते एका रात्रीत लिहिलं, असं सांगतात. टके शेर भाजी, टके शेर खाजा ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. त्यातल्या दुसऱ्या अंकात अख्खा बाजार भरतो आणि एकेक विक्रेता आपापली आरोळी देत येतो. त्यात घासीराम चणेवाला आहे. तो गिऱ्हाइकांची यादी गात गात हाकिमांपर्यंत पोचतो आणि चणे खाऊन ते लोकांवर दुप्पट कर बसवतात, असं सहज सांगून जातो. त्याच्यापुढची कडी चूर्णवाल्याची. त्याचं चूर्ण साहेब लोकांनी घेतलं की अख्खा हिंदुस्थान पचतो! हेच भाषणात म्हटलं असतं तर काय झालं असतं, सांगायला नको. पण चूर्णवाल्याची बडबड कोण मनावर घेणार? मला विचाराल तर त्या नाटकातल्या राजापेक्षा हा बाजारच जास्त धारदार आहे.

पुढे ही आरोळी मुंबईत सिनेमात शिरली. 1940मध्ये बॉम्बे टॉकीजच्या ‘बंधन’मध्ये चनाजोर गरमचं गाणं आलं. गीतं कवी प्रदीप यांची, तर संगीत रामचंद्र पाल यांच्यासह सरस्वतीदेवींचं. सरस्वतीदेवी म्हणजे पारशी घरातल्या खुर्शीद होमजी, भातखंड्यांकडे शिकलेल्या. 1957च्या ‘प्यासा’त सचिनदेव बर्मन यांनी तेलमालिशवाल्याची हाक रफीसाहेबांकडून गाऊन घेतली, ती तर आपल्या स्नेहसंमेलनांतही गाजत असे. आणि 1981च्या ‘क्रांती’त चनाजोर गरम पुन्हा आलं, तेही इंग्रजांविरुद्धच्या लढ्याच्या कथेत. भारतेंदूंच्या प्रहसनाला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. हे कोणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. पण आरोळीला आपलं जुनं काम आठवलं, असं म्हणायला हरकत नाही.

रस्त्यावरच्या आवाजाचा त्रास होणारे लोकही पहिल्यापासून आहेतच. 1839च्या कायद्याने लंडनमध्ये माल विकण्यासाठी शिंग फुंकायला आणि गोंगाटाची वाद्यं वाजवायला बंदी घातली. आपल्याकडे 2014च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्याच्या पोटापाण्याला संरक्षण दिलं. जागेसाठी झगडा तरी चालूच आहे, आणि मधल्या मध्ये आवाज बदलला. भंगारवाल्याच्या हातगाडीवर आता भोंगा असतो आणि एकदा भरून घेतलेलं वाक्य दिवसभर वाजतं. त्याचा घसा वाचतो हे चांगलंच आहे. दिवसभर ओरडणं म्हणजे काय, हे आपल्या शिक्षकांना विचारा. पण भोंग्याला समोरचं गिऱ्हाईक दिसत नाही, त्याच्यावर दोन ओळी जुळवता येत नाहीत.

संमेलनाच्या दुपारी चहाच्या वेळी एक करू या. बोरं-चिंचावाली, गोळेवाला, कल्हईवाला, ‘सुयाऽ, बिब्बेऽ’ म्हणत येणारी, ज्याला जी आरोळी येते त्याने ती चालीसकट म्हणावी. फोनवर भरून घ्यायचं काम माझ्याकडे.