रोहिणी खाडिलकर आणि पुरुषांचा पट

बुद्धिबळाचा इतिहास सांगावयास युनियनचा माणूस कशाला उभा केला, असे काहींच्या मनात आले असेल. घोडबंदर रोडवरच्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर, संपाच्या मंडपात रात्री काढताना प्यादी सरकवावयास शिकलो, तेवढीच माझी विद्या. परंतु आजची हकीकत चालींपेक्षा पटाशी बसण्याच्या हक्काची अधिक आहे, आणि तो विषय आम्हांला रोजचा आहे.

१९७४ साली बंगळूर येथे स्त्रियांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा भरली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकरने जिंकली. तेव्हापासून पहिली दहा वर्षे हे अजिंक्यपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींच्या घराबाहेर गेले नाही. घराणे ‘नवाकाळ’चे. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९२३ साली ते पत्र काढले; त्यांचे नातू नीळकंठ खाडिलकर हे या मुलींचे वडील. रोहिणीचा जन्म १९६३ चा. तेराव्या वर्षी ती राष्ट्रीय विजेती झाली, आणि एकंदर पाच वेळा.

येथवर सर्वांनी कौतुकच केले. मुलगी मुलींत पहिली आली तर पेढे वाटावयास कोणाची हरकत नसते. हरकत निघाली ती १९७६ साली, रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळावयास बसली तेव्हा. तिच्याआधी त्या स्पर्धेत एकही स्त्री खेळली नव्हती. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही निर्वाळा दिला, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून स्त्री म्हणून कोणाला वगळता येणार नाही. हे युवे म्हणजे हॉलंडचे गणिताचे शिक्षक. १९३५ साली अलेखिनसारख्या वाघाला हरवून जगज्जेते झालेले.

त्या स्पर्धेत रोहिणीने तीन राज्यविजेत्यांना हरवले. स्पर्धा मात्र जिंकली नाही. ‘मग एवढा आटापिटा कशासाठी?’ असे विचारणारे आजही भेटतात. अहो, ती स्पर्धा न जिंकलेले पुरुष काय थोडे होते? त्यांना कोणी हा प्रश्न केला नाही. आमच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात बायकांना पॅकिंग खात्यापलीकडे काम देत नसत. मशीनवर का नाही म्हणून विचारले, की साहेबांचे उत्तर ठरलेले: अनुभव नाही. मशीनपाशी उभे राहिल्याखेरीज अनुभव येणार कोठून, हे काही ते सांगत नसत.

खुल्या पटावरच्या त्या अनुभवाचे मोल १९८१ साली दिसले, असे मला वाटते. हैदराबादच्या आशियाई स्पर्धेत रोहिणीने बारापैकी साडेअकरा गुण मिळवून अजिंक्यपद घेतले, एकही डाव न हरता. त्याच वर्षी तिला स्त्रियांमधील इंटरनॅशनल मास्टर हा किताब मिळाला; अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. १९८३ साली क्वालालंपूरला तिने पुन्हा तेच पद जिंकले.

हीच लढाई पुढे हंगेरीत झाली. तेथेही बहिणी तीनच: झुझा, सोफिया आणि ज्युडिट पोल्गार. बापाने घरीच शिकवलेल्या. झुझा १९८६ साली पुरुषांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या पात्रता फेरीसाठी लायक ठरली, तर तिला अडवण्यात आले. युवेंचा निर्वाळा दहा वर्षे कागदावरच पडून होता म्हणावयाचा! वर आणखी कहर असा, की त्याच संघटनेने स्त्रियांच्या गुणांकनात सरसकट १०० गुणांची वाढ दिली, ती एकट्या झुझाला सोडून. कारण काय, तर ती पुरुषांशी खेळते. सगळ्या खात्याला पगारवाढ आणि जी बाई मशीनवर गेली तिला तेवढी नाही. हा हिशेब आम्हा युनियनवाल्यांना चांगला ओळखू येतो. पुढे तो नियम बदलावा लागला. १९९१ साली झुझा आणि ज्युडिट दोघीही ग्रँडमास्टर झाल्या; ज्युडिट तर पंधराव्या वर्षी, देशाची खुली स्पर्धा जिंकून.

मग रोहिणी ग्रँडमास्टर का झाली नाही? १९७६ साली भारतात ग्रँडमास्टर एकही नव्हता. इंटरनॅशनल मास्टर एकटे मद्रासचे मॅन्युएल ॲरन. पोल्गार बहिणींना बुडापेस्टमध्ये तालेवार प्रतिस्पर्धी घराजवळ मिळत. आमच्या मुलीला ते शोधावयास समुद्र ओलांडावा लागे. हा फरक बुद्धीचा नव्हे. आणि तिच्यामागे निदान एक वर्तमानपत्र उभे होते. ज्या घरात तेही नाही तेथली मुलगी उच्च न्यायालयाची पायरी कशी चढली असती, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

रोहिणीताईंनी १९९३ साली स्पर्धा सोडल्या आणि १९९८ साली त्या ‘संध्याकाळ’ दैनिकाच्या संपादक झाल्या.

२०२४ साली त्याच बुडापेस्टमध्ये ऑलिंपियाड झाले. भारताच्या पुरुषांनी आणि स्त्रियांनी दोन्ही सुवर्णपदके आणली. स्त्रियांच्या संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे. संघात नागपूरची दिव्या देशमुख. या दिव्याने २०२५ साली जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून विश्वचषक जिंकला. चषक स्त्रियांचा, पण त्याबरोबर मिळालेला ग्रँडमास्टर हा किताब मात्र तोच, जो पुरुषांना मिळतो. दिव्या तेव्हा एकोणीस वर्षांची होती.