पीठ, मुकुट आणि बेरीज

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना फ्रेशर्स पार्टीत मी 'मिस फ्रेशर'चे मार्क मोजायला बसले होते. तीन परीक्षक, अकरा मुली आणि एक एक्सेल शीट. 'चाल', 'हास्य', 'आत्मविश्वास' असे कॉलम. माझं काम एवढंच, की बेरीज चुकायला नको. ती चुकली नाही, आणि त्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता.

ते आठवलं १९७० सालच्या मिस वर्ल्डबद्दल वाचताना. तिथेही बेरजेवरून भांडण झालं होतं. पण ते नंतर. आधी पीठ उडालं.

२० नोव्हेंबर १९७०. लंडनचा रॉयल आल्बर्ट हॉल. एरिक मॉर्ली यांनी १९५१ मध्ये 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'च्या निमित्ताने सुरू केलेली ही स्पर्धा एव्हाना टीव्हीवरचा मोठा सोहळा झाली होती. एकट्या ब्रिटनमध्ये दोन कोटींहून जास्त लोक ती बघायचे. त्या वर्षी पाहुणा होता अमेरिकन विनोदवीर बॉब होप.

हे नाव आपल्याकडच्या जुन्या लोकांना वेगळ्या कारणाने आठवेल. १९६६ मध्ये मुंबईची रीता फारिया मिस वर्ल्ड झाली. गोव्याच्या कुटुंबातली, ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी, आणि हा किताब जिंकणारी पहिली आशियाई. त्याच डिसेंबरात ती बॉब होपबरोबर व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांसमोर गेली आणि भारतात बरीच टीका झाली. जगत्सुंदरीचा मुकुट नुसता शोभेचा नसतो. तो कुणाच्या ना कुणाच्या राजकारणाला उपयोगी पडतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

तर होप स्टेजवर आला आणि त्याने जनावरांच्या बाजारावरून विनोद सुरू केले. बाहेर निदर्शक हीच तुलना रागाने करत होते. आत तो त्यावर हशा मिळवत होता. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक खुळखुळा वाजला. फुटबॉलच्या मॅचला वाजवतात तसला. ती खूण होती. चांगले कपडे घालून, रीतसर तिकीट काढून बसलेल्या बायका उठल्या आणि पिठाच्या पिशव्या, धुराचे गोळे, पत्रकं स्टेजच्या दिशेने उडाली. होप पळत सुटला. हे सगळं लाइव्ह चाललं होतं.

त्यांची घोषणा होती: आम्ही सुंदर नाही, कुरूपही नाही, आम्ही संतापलोय. याच वर्षाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात ब्रिटनमधली पहिली राष्ट्रीय स्त्रीमुक्ती परिषद झाली होती. समान पगार, शिक्षणाची आणि नोकरीची समान संधी, पाळणाघरं, गर्भनिरोधन आणि गर्भपाताचा हक्क, या तिथल्या मागण्या. त्या फारशा कुणी ऐकल्या नव्हत्या. पिठाच्या पिशव्या मात्र सगळ्या देशाने पाहिल्या. काही जणींना अटक झाली, खटला चालला. त्यातली एक विद्यार्थिनी, सॅली अलेक्झांडर, पुढे इतिहासाची नामवंत प्राध्यापक झाली.

गोंधळ आवरला, स्पर्धा पुढे सरकली आणि निकाल लागला. मिस वर्ल्ड: ग्रेनेडाची जेनिफर होस्टेन. हा मान मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ती नोकरीने एअर होस्टेस होती. (आपण मराठीत या नोकरीला 'हवाईसुंदरी' म्हणतो, म्हणजे नेमणुकीच्या कागदावरच सौंदर्यस्पर्धा!) दुसरी आली पर्ल जॅन्सन. तिची गोष्ट तर आणखी विचित्र. दक्षिण आफ्रिकेने गोरी स्पर्धक पाठवली होती. वर्णभेदाविरुद्ध आंदोलन पेटलं होतं, त्याच उन्हाळ्यात होणारा त्यांच्या क्रिकेट टीमचा इंग्लंड दौरा रद्द झाला होता. म्हणून आयोजकांनी तोडगा काढला: त्याच देशाची आणखी एक, कृष्णवर्णीय स्पर्धक. एकीच्या पट्ट्यावर 'साउथ आफ्रिका', दुसरीच्या पट्ट्यावर 'आफ्रिका साउथ'. गोरी पाचवी आली.

आता बेरीज. स्वीडनच्या स्पर्धकाला नऊपैकी चार परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला होता, होस्टेनला फक्त दोघांनी. तरी स्वीडन चौथी. त्यात परीक्षकांमध्ये ग्रेनेडाचे प्रीमियर एरिक गेअरी बसलेले. वर्तमानपत्रं तुटून पडली. आयोजक ज्यूलिया मॉर्ली यांनी राजीनामा दिला. मग मतपत्रिका उघड केल्या गेल्या आणि खुलासा झाला: नुसते पहिले क्रमांक मोजत नव्हते, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवाही धरत होते, आणि तिथे होस्टेन पुढे होती. ज्यूलिया मॉर्ली परत आल्या.

हे गणित शक्य आहे का? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सात जणी अंतिम फेरीत, पहिल्या क्रमांकाला ७ गुण, शेवटच्याला १. 'अ'ला चार पहिले आणि पाच शेवटचे क्रमांक मिळाले: २८ + ५ = ३३. 'ब'ला दोन पहिले, सात दुसरे: १४ + ४२ = ५६. 'ब' आरामात जिंकते. म्हणजे चार-दोन या आकड्यांवरून लबाडी सिद्ध होत नाही. पण गेअरी त्या खुर्चीत बसायला नको होते, हेही तितकंच खरं.

मला जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. पीठ फेकणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. पण जेनिफरच्या जागी स्वतःला ठेवलं की घशात अडकतं. छोट्याशा बेटावरची मुलगी, जगाच्या पडद्यावर आपल्यासारखं कुणी कधी जिंकलेलं नाही, आणि ज्या रात्री ती जिंकते त्या रात्री एक गट म्हणतो तिचा अपमान होतोय, दुसरा म्हणतो तिने फसवलं. होस्टेन पुढे कॅनडात ग्रेनेडाची उच्चायुक्त झाली. पर्ल जॅन्सन वर्णभेदाच्या देशात परतली, जिथे हा दुसरा क्रमांक दाखवून कुठलंच दार उघडणार नव्हतं.

२०१० मध्ये बीबीसी रेडिओच्या एका कार्यक्रमात होस्टेन आणि त्या निदर्शक स्त्रिया एकत्र बसून बोलल्या. २०२० मध्ये 'मिसबिहेवियर' हा सिनेमाही आला. चाळीस वर्षांनी का होईना, दोन्ही बाजू एका टेबलाशी आल्या.

माझी ती एक्सेल शीट जुन्या ड्राइव्हमध्ये अजून आहे. परवा उघडून पाहिली. बेरीज बरोबरच आहे. 'हास्य' या कॉलममध्ये एका मुलीला तीनही परीक्षकांनी शून्य दिलंय. ती का हसली नसेल, हे विचारायचं त्या रात्री आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.