मीटरने किती बोलायचं?

आज पिकाची नाही, मीटरची नोंद.

पारावर सध्या स्मार्ट मीटरचीच चर्चा. त्यावरून नेदरलँड्सची हकीकत सांगतो. २००८ साली तिथल्या कनिष्ठ सभागृहाने घरोघरी स्मार्ट मीटर सक्तीचे करणारं विधेयक मंजूर केलं. विजेचं रीडिंग दर १५ मिनिटांनी, गॅसचं दर तासाला. नकार दिला तर दंड, नाहीतर तुरुंग!

ग्राहक संघटनेने टिलबर्ग विद्यापीठाकडून अभ्यास करून घेतला. त्यातून दिसलं, की एवढ्या बारीक रीडिंगवरून घरचे कधी उठतात, कधी गावाला जातात, सगळं कळतं. २००९ मध्ये वरिष्ठ सभागृहाने विधेयक अडवलं. २०११ मध्ये दुरुस्ती होऊन मंजूर झालं. आता मीटर नाकारता येत होता, आणि बसवला तरी रीडिंग पाठवणं बंद ठेवता येत होतं.

आपल्याकडे स्मार्ट मीटरचं मानक, आयएस १६४४४, २०१५ साली आलं. मानक हवंच, मोजमाप चोख पाहिजे. पण उद्या माझ्या मोटारीवर हा मीटर बसला, तर विहीर कधी आटली तेही रीडिंग सांगेल. ते कोण बघणार, किती वेळा? मीटर बसायच्या आधीच विचारून घ्या.