पट्टी इथे, आवाज तिथे

आज मंचावर तीन वस्तू आहेत. तंबोरा, एक जुनी पेटी, आणि त्या पेटीवरच ठेवलेला हा पंचवीस पट्ट्यांचा कीबोर्ड. वहीएवढा आहे, झोळीत मावतो. हा वाजवून दाखवतो. ऐकू आलं काही? प्लॅस्टिकची टकटक, बस. आता ही वायर फोनला लावतो आणि तीच पट्टी दाबतो. आला आवाज!

हा आवाज कीबोर्डमधून आलेला नाही, आणि आजचा सगळा विषय एवढाच आहे. पट्टी एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, ही फारकत झाली कधी, आणि तिच्यामुळे आपल्या गाण्यातल्या एका जुन्या भांडणाचं काय झालं, ते आपण बघू.

आधी पेटी, कारण वाद्य उचलून न्यायची गरज फोनच्या आधीची आहे. 1842 साली पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी हार्मोनियम या नावाचं पेटंट घेतलं. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता मारत वाजवायचं. आपल्याकडे बैठक जमिनीवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे आणला, एका हाताने तो हलवायचा आणि दुसऱ्या हाताने वाजवायचं. पाय गेले, उंची गेली, वजन घटलं. महाराष्ट्रात नाटक मंडळ्यांनी पायपेटीही सोडली नाही, पण कीर्तनात, भजनात, घरच्या शिकवणीत हातपेटीच शिरली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने तिला मैफलीत मान मिळवून दिला. हेच टेंबे 1911 च्या 'मानापमान'चे संगीतकार.

पण पेटीवर एक आरोप पहिल्यापासून होता. तिच्या सप्तकात बारा पट्ट्या, आणि बारांमधली अंतरं अगदी सारखी. तंबोऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गंधार असा समान अंतरात बसत नाही. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर तो षड्जापासून सुमारे 386 वर येतो, आणि पेटीचा 400 वर. चौदा सेंटचा फरक. कानाला सवय झालेल्याला तो कळतच नाही, आणि कळायला लागला की दुसरं काही ऐकू येत नाही. दुसरा आरोप मींडेचा. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं पेटीला जमत नाही, कारण प्रत्येक पट्टीखाली तिचा ठरलेला पितळी सूर बसलेला.

हा आरोप इथे, आपल्याच भागात, फार गंभीरपणे घेतला गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी बावीस श्रुतींची मोजमापं केली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचं साहाय्य त्यांना होतं. अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाने ते काम उचललं, आणि त्यातून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला. भातखंड्यांना ती पटली नाही. आमच्या मते देवलांची तळमळ खरी होती, पण त्यांना अडवलं ते लाकडाने आणि पितळेने. स्वर बदलायचा तर सूर काढा, घासा, परत बसवा. रागागणिक हे कोण करणार?

पुढे मार्च 1940 पासून आकाशवाणीने पेटी बंदच केली. आपल्या घरात रोज वाजणारं वाद्य रेडिओवर मात्र नाही. ही बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. तीस वर्षं! त्या काळातल्या किती पेटीवाल्यांचं वाजवणं रेकॉर्ड न होता गेलं असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला आमच्या पाहण्यात नाही.

आता अमेरिका आणि जपान. सत्तरच्या दशकात सिंथेसायझर आले, पण एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलत नसे. जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि कॅलिफोर्नियाच्या सिक्वेन्शिअल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी एक समान भाषा असावी असा आग्रह धरला. स्मिथ यांनी 1981 साली आपला प्रस्ताव ध्वनितंत्रज्ञांसमोर मांडला. जानेवारी 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात स्मिथ यांचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 एका वायरने जोडले गेले. एकाची पट्टी दाबली, दुसरा वाजला. त्या भाषेचं नाव मिडी.

या वायरीतून आवाज जात नाही, हे नीट लक्षात घ्या. जातात ते आकडे. मी मधला सा दाबला, तर तीन आकडे निघतात: 144, म्हणजे 'पहिल्या चॅनेलवर स्वर सुरू'; 60, म्हणजे कोणती पट्टी; आणि 100, म्हणजे किती जोरात, 127 पैकी. वेग सेकंदाला 31,250 बिट, त्यामुळे हा निरोप हजाराव्या भागाच्या आसपास पोचतो. पत्र्यावर ठोकलेली तार म्हणा ना: कोणी मेलं की जन्मलं ते तारेत असतं, रडणं-हसणं घरच्यांनी करायचं.

म्हणून कीबोर्ड एवढा हलका होऊ शकला. त्याला भाता नको, सूर नको, स्पीकर नको. आवाज करायला कोणीतरी हवं होतं, आणि आधी ते काम टेबलावरच्या संगणकाने केलं. 1985 च्या अटारी एसटीला मिडीची भोकं कारखान्यातूनच होती. 1999 साली यूएसबीवरून मिडी पाठवण्याचे नियम ठरले, आणि गोल पाच टाचण्यांची वायर हळूहळू मागे पडली. खिशातल्या उपकरणांपर्यंत यायला अजून दहा-बारा वर्षं गेली. आयपॅड आणि आयफोनला 2010 च्या शेवटी मिडी समजू लागली, अँड्रॉइडला ती अधिकृतपणे 2015 मध्ये, सहाव्या आवृत्तीत आली. त्याच सुमारास ब्लूटूथवरून मिडीही आली.

जोडणीबद्दल दोन शब्द, कारण व्याख्यानानंतर हमखास हाच प्रश्न येतो. फोनला 'यजमान' व्हावं लागतं, म्हणून जुन्या फोनला ओटीजी अडॅप्टर हवा. आमचा पहिला प्रयत्न फसला तो वायरीमुळे. ती फक्त चार्जिंगची निघाली, तिच्यातून आकडे जातच नव्हते, आणि आम्ही तासभर ॲप बदलत बसलो. दुसरं, कीबोर्ड ब्लूटूथचा असला तर चालतो, पण हेडफोन ब्लूटूथचे नकोत. आकडे थोडे असतात, झटकन जातात. आवाज मात्र गुंडाळून पाठवावा लागतो आणि सेकंदाचा दहावा भाग, कधी जास्तच, उशीर होतो. द्रुत तीनतालात एवढ्यात बोट पुढच्या मात्रेला पोचलेलं असतं.

आता परत देवलांकडे येऊ. वायरीतला 60 हा आकडा सा किती उंच ते सांगत नाही. ते फोन ठरवतो. म्हणजे काळी एकचा गायक आला की पट्ट्या त्याच, सा वर सरकवायचा. आणि गंधार? ज्या ॲपमध्ये स्वरांतरं बदलायची सोय आहे, तिथे 400 चा 386 करायला एक बोट पुरतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच मिडीत अशी निरोपाची सोय झाली होती, पण बहुतेक वाद्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. आजही फोनवरची बरीच ॲप्स समान बारा स्वर घेऊनच उघडतात. सांगलीतली ती खटपट आज खिशात शक्य आहे, आणि बहुतेक जण तो पर्याय उघडूनही पाहत नाहीत, याचं आम्हाला वाईट वाटतं.

मींडेचं तेवढं सोपं नाही. कीबोर्डच्या डावीकडच्या चक्रीने स्वर ओढता येतो, 16,384 पायऱ्यांत, पण एका चॅनेलवरचे सगळे स्वर एकदम ओढले जातात. आणि भात्याचं काय? पेटीवाला गायकाबरोबर श्वास घेतो, हवा कमी-जास्त करतो, एक स्वर धरून असतानाही. पट्टीचा जोर फोनला एकदाच कळतो, दाबताना. इथे जुनी पेटीच सरस आहे, निदान या मंचावरची तरी.

आता दिवे थोडे कमी करू आणि तंबोरा लावू. त्यावर गंधार दोनदा वाजवतो, आधी एक, मग दुसरा. कोणता 386 चा ते सांगणार नाही. ज्यांना पहिला तंबोऱ्यात मिसळलेला वाटेल त्यांनी हात वर करा.