दारात आलेली जुनी फियाट : घरच्या दुरुस्तीचा क्रम

इंदापूर तालुक्याचा आणि भारतीय मोटारीचा संबंध तसा जुना आहे. कळंबच्या माळरानावर साखर कारखाना उभारून वालचंदनगर वसविणारे शेठ वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली, ती अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या परवान्यावरची होती. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून 'फियाट ११००' येथे तयार होऊ लागली. तिच्या गोलसर, बसक्या घडणीमुळे लोकांनी तिचे नाव 'डुक्कर फियाट' असे पाडले. साठच्या दशकात चौकोनी अंगाची 'डिलाइट' आली, मग 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. शतक सरता सरता तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

रस्त्यावरून गेली तरी ही गाडी संपलेली नाही. कळस, वालचंदनगर, भिगवण या पट्ट्यात कुठे वाड्याच्या मागे, कुठे गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी फियाट अजूनही उभी आढळते. हौसेने ती विकत घेणारेही आहेत. अशा गाडीला सरसकट 'विंटेज' म्हटले जात असले, तरी जाणकारांच्या काटेकोर वर्गवारीत १९१९ ते १९३० या काळातील मोटारींनाच ते नाव शोभते. फियाट ११०० ही 'क्लासिक' होय. अर्थात नावाने काही अडत नाही. अडते ते घाईमुळे. ट्रॅक्टरची बॅटरी आणायची, दोन वायरी जोडायच्या आणि चार लोकांनी भोवती उभे राहून स्टार्टर मारायचा, हा आपल्याकडचा सर्वसाधारण रिवाज. दहा वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाचे सर्वाधिक नुकसान याच पाच मिनिटांत होते. सिलिंडरच्या भिंतीवर धरलेला गंज पिस्टनच्या रिंगा खरवडून काढतो, टाकीतला गाळ कार्ब्युरेटरपर्यंत ओढला जातो आणि गाडी सुरू झालीच, तर ब्रेक नसल्याचे फाटकाशी गेल्यावर कळते.

आधी कागद

हातात पाना घेण्यापूर्वी नोंदणी पुस्तकातील चॅसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील कोरीव क्रमांकांशी ताडून पाहावेत. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात. इंदापूरकरांना हे काम बारामतीच्या, म्हणजे 'एमएच ४२'च्या परिवहन कार्यालयात करावे लागते. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून घेऊन दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. जुन्या वाहनांच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ पासून बरेच वाढले आहे, तेव्हा गाडीच्या किमतीत हा खर्च आधीच धरलेला बरा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटली असतील आणि गाडी मूळ स्वरूपात असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची विंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणीची मुदत संपलेली कोणतीही गाडी रस्त्यावर चालविणे बेकायदा असल्याने सुरुवातीच्या सर्व चाचण्या आपल्या आवारातच कराव्या लागतात. शेतकऱ्याच्या घरी निदान जागेची अडचण नसते.

सुरू करण्याआधी

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे आणि रचनेने अतिशय साधे आहे. संगणक नाही, सेन्सर नाही. बहुतेक दोष डोळ्यांना दिसतात, कानाला ऐकू येतात किंवा नाकाला कळतात. घरी दुरुस्ती शक्य होते ती त्यामुळेच.

प्रथम बॉनेट उघडून नुसते पाहावे. उसाच्या पट्ट्यात उंदीर हा मोटारीचा पहिला शत्रू. एअर फिल्टरच्या डब्यात घरटे आणि वायरींवरचे आवरण कुरतडलेले सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. उघडी तांब्याची तार बॉडीला टेकलेली असताना बॅटरी जोडली, तर वायरिंग पेटते. म्हणून संपूर्ण वायरिंग हाताने चाचपून होईपर्यंत बॅटरी लावू नये.

त्यानंतर ऑइलची पट्टी काढावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. बहुधा हेड गॅसकेट गेलेले असते. ऑइल पातळ असून त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी. हा पंप इंजिनाच्या कडेला बसविलेला असून इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलच्या तळपात्रात उतरते. अशा पातळ ऑइलवर इंजिन चालविले तर बेअरिंग जातात, आणि मग ती दुरुस्ती घरची राहत नाही. ऑइल कसेही दिसो, ते बदलावेच.

चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ ऑइल सोडावे व एक रात्र तसेच राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी प्लग न बसविताच गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून सपाट जागेवर हलकेच ढकलावी. इंजिन फिरले तर उत्तम. न फिरल्यास जोर करू नये. पुन्हा तेल सोडून आणखी एक-दोन दिवस वाट पाहावी. आठवडाभर वाट पाहून सुटलेली इंजिने पुष्कळ आहेत. ट्रॅक्टरला बांधून ओढल्याने मोडलेलीही कमी नाहीत.

ठिणगी की पेट्रोल?

इंजिन फिरते पण सुरू होत नाही, तेव्हा शोध दोनच गोष्टींचा घ्यायचा असतो. स्टार्टर फिरविल्यावर नुसते 'टक्' वाजत असेल, तर आधी बॅटरीची टोके व बॉडीला जोडलेली अर्थची वायर घासून स्वच्छ करावी. ठिणगी तपासण्यासाठी काढलेला प्लग वायरीला जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि इंजिन फिरवावे. प्लगच्या मोकळ्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून हा प्लग त्यांच्यापासून दूर धरावा आणि आसपास पेट्रोल सांडलेले नसावे. ठिणगी निळसर-पांढरी व खणखणीत हवी. पिवळी, मलूल ठिणगी दिसली किंवा ती मुळीच नसली, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंट पाहावेत. उभ्या गाडीत त्यांवर बुरशीसारखा थर चढतो. बारीक पॉलिश पेपर फिरवून, पुसून, फीलर गेजने फट पुस्तिकेतील मापाला लावली की निम्म्या गाड्यांचा प्रश्न येथेच सुटतो. पॉइंट काळे पडून खड्डे पडले असतील तर कंडेन्सर बदलावा. वायरी परत लावताना १-३-४-२ हा क्रम चुकला, तर इंजिन कार्ब्युरेटरमधून फटाके वाजविते.

ठिणगी ठीक असेल तर पेट्रोलकडे वळावे. टाकीतले जुने पेट्रोल आधीच उपसून टाकलेले असावे. वर्षानुवर्षे राहिलेल्या पेट्रोलचा डिंकासारखा चिकट साका होतो आणि त्याला रंगाच्या डब्यासारखा उग्र वास येतो. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडून बाटलीत धरावी व इंजिन फिरवावे. पिचकारी सुटली तर पंप चांगला आहे. मग कार्ब्युरेटर उघडून फ्लोट, सुई आणि जेट स्वच्छ करावेत. जेटच्या छिद्रात तार घालण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. हवेच्या झोताने किंवा फुंकरीनेच ते साफ करावे.

येथे एक नवी अडचण उभी राहिली आहे, आणि ती आपल्याच उसातून आली आहे. साखर कारखान्यांत तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल २०२३ पासून मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. पद्मिनीच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि गॅसकेट या इंधनासाठी बनविलेली नाहीत. ती फुगतात, मऊ पडतात, पाझरू लागतात. इथेनॉल हवेतील ओलावाही ओढून घेते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर पाण्यासह ते वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि पत्रा आतून गंजू लागतो. टाकीत साचलेली जुनी घाणही ते सोडविते. त्यामुळे नवा फिल्टर पहिल्या दोन-तीन टाक्यांतच तुंबतो. उपाय अवघड नाहीत, फक्त ते आधी करायला हवेत. सर्व नळ्या व पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत, पारदर्शक फिल्टर बसवावा, पेट्रोल थोडेच भरावे आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. मिश्रण पातळ झाल्याने इंजिन झटके देत असेल, तर जेट किंचित मोठा घालावा लागतो. ते मात्र जुन्या मिस्त्रीच्या हातचे काम आहे.

टाकीला भोक पडले असल्यास ती घरी वेल्डिंग करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफ स्फोटास पुरेशी असते.

ब्रेकची परीक्षा

सुरू झालेले इंजिन ऐकण्यात सर्वांना रस असतो, ब्रेककडे कोणी पाहत नाही. वास्तविक क्रम उलटा असायला हवा. या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असून ते ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतात. जुन्या बनावटीत ही नळी एकेरी असते. एका चाकाचा सिलिंडर गळाला की चारही चाकांचा ब्रेक जातो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे सिलिंडर आतून गंजतात. ब्रेक पेडल पायाखाली हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. दोन-तीनदा दाबल्यावर कडक होत असेल तर नळ्यांत हवा आहे किंवा लायनर झिजले आहेत. सर्व रबरी भाग व लवचीक नळ्या नव्या घालाव्यात. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. ब्रेकच्या भांड्यात इंजिन ऑइल चुकूनही ओतू नये. रबर फुगून ब्रेक जाम होतो.

ड्रममधील काळी धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. चाक काढलेल्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरणे हा तर जिवाशी खेळ. लाकडी ओंडके किंवा स्टँड लावल्याशिवाय खाली जाऊ नये.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची सवयही मोडायला हवी. या भागातील क्षारयुक्त पाण्याने घरातल्या बंबाच्या आत जसा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि मे महिन्यात गाडी उकळते. डिस्टिल्ड पाणी व कूलंट यांचा खर्च इंजिनाच्या मानाने किरकोळ आहे. उन्हात चालता चालता गाडी अचानक बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होत असेल, तर पेट्रोलची नळीतच वाफ झालेली असते. पंपावर ओले फडके टाकण्याची टॅक्सीवाल्यांची युक्ती येथे आजही उपयोगी पडते.

सुटे भाग मिळतात, पण फिरावे लागते. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी नशीब आजमावता येते. मुंबईत, जेथे ही गाडी जन्मली त्या कुर्ल्यातच, जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. काढलेला जुना भाग सोबत नेल्याशिवाय नवा घेऊ नये. एकाच नावाच्या भागाची मापे वेगवेगळ्या वर्षी बदललेली असतात.

पहिली फेरी आवारातच, पहिल्या गिअरमध्ये, दर दहा फुटांवर ब्रेक दाबून मारावी. टायरची नक्षी कितीही शाबूत असली तरी रबराला भेगा असतील तर ते बदलूनच बाहेर पडावे. कागद हाती आल्यावर पहिल्या दिवशी आठ-दहा किलोमीटरच जावे, आणि परतल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांहून जास्त तापलेले असेल, तर तेथला ब्रेक सुटत नाही. ते चाक त्याच संध्याकाळी पुन्हा उघडावे.