आजोळची सुट्टी आणि तिचा जमाखर्च

आमच्या घरच्या माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत आमच्या आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत. आजोबा गिरगावातल्या एका चाळीत राहणारे कारकून. मिळकत बेताची, खाणारी तोंडे पुष्कळ, आणि तरीही दर वैशाखात सर्व बिऱ्हाड कोकणात जाऊन महिना-दीड महिना राहून येई. त्या प्रवासाचा खर्च वहीत नोंदलेला आहे. बोटीची तिकिटे, हमाल, पडाववाल्यास, बैलगाडीस, मुलांस खाऊ, एवढ्या चार-सहा ओळींत तो आटोपतो. पुढे महिनाभर वही जवळजवळ कोरी आहे. वस्तुतः त्याच महिन्यात माणसे दोन वेळा जेवीत होती, मुले आंबे खात होती, रात्री दिवे जळत होते. या कोऱ्या पानांकडे पाहून आम्हांस नेहमी एक प्रश्न पडतो. आजोबांनी न केलेला तो खर्च केला कोणी?

या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता आपल्या मध्यमवर्गाच्या सुट्टीचा थोडासा इतिहास पाहणे अवश्य होते.

उन्हाळ्याची सुट्टी ही कल्पनाच आपल्याकडे फार जुनी नाही. पूर्वीच्या पाठशाळांत अनध्याय असत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींस अध्ययन बंद राही. परंतु त्यांत सलग महिनाभर मोकळे राहण्याची सोय नव्हती. प्रवास होई तो कारणाने. लग्न, मुंज, बाळंतपण, तीर्थयात्रा, क्वचित दक्षिणेच्या आशेने केलेली दूरची मजल. विष्णुभट गोडसे पेण जवळच्या वरसईहून 1857 च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात गेले, ते काही हवापालटासाठी नव्हे. घरचे कर्ज फेडावयाचे होते. केवळ विश्रांतीसाठी सहकुटुंब घर सोडणे हे त्या पिढीस समजलेही नसते.

इंग्रजी अमलात कोर्टे व शाळा उन्हाळ्यात बंद राहू लागल्या. साहेबास ऊन सोसत नसे. जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत, 1828 च्या सुमारास, महाबळेश्वर वसले. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याच्या दृष्टीस माथेरान पडले आणि 1907 मध्ये तेथवर चिमुकली आगगाडीही चढली. साहेब डोंगरावर गेला आणि त्याच्या कचेरीतील, शाळेतील व कोर्टातील एतद्देशीय नोकर खाली मोकळा राहिला. त्यास सुट्टी मिळाली, परंतु तिचा उपभोग घेण्यास लागणारा पैसा मिळाला नाही. थंड हवेच्या ठिकाणचे बंगले व रिक्षा त्याच्या आटोक्याबाहेरच्या. 1930 साली मुंबई-पुण्याच्या दरम्यान ‘दख्खनची राणी’ धावू लागली, तिला तिसऱ्या वर्गाचा डबा 1955 पर्यंत नव्हता, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आमच्या आजोबांनी ती गाडी फलाटावरून पाहिली असेल, एवढेच.

मग या मनुष्याने काय केले? तो आपल्या गावी गेला. ज्या दारिद्र्यामुळे त्याने गाव सोडले होते त्याच गावी तो सुट्टीपुरता श्रीमंत होऊ लागला.

हे शक्य झाले ते वाहनांमुळे. 1853 च्या एप्रिलात मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. 1858 मध्ये खंडाळा-पुणे मार्ग खुला झाला. मध्ये बोरघाट पालखीने किंवा गाडीने ओलांडावा लागे. 1863 मध्ये घाटातूनही रूळ गेले आणि देशावरच्या मनुष्याचे गाव मुंबईस एका दिवसाच्या अंतरावर आले. तिसऱ्या वर्गाचे हाल मात्र ठरलेले. गांधीजींनी 1917 साली त्यावर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. पण कोकणच्या माणसास ते हालही मिळाले नाहीत, कारण त्याच्याकडे रेल्वेच नव्हती. ती सबंध मार्गावर धावू लागली 1998 साली. तोवर त्याचा आधार भाऊचा धक्का आणि आगबोट.

या बोटीविषयी थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय आमच्याने राहवत नाही, कारण आमच्या घरी सुट्टीच्या गोष्टी निघत त्यांतील निम्म्या तिच्याच असत. बोट सुटण्याच्या किती तरी आधी धक्क्यावर जावयाचे. शिडी लागताच घरातल्या चपळ मुलाने पुढे धावून डेकवर सतरंजी पसरून जागा धरावयाची, आणि वळकट्या, ट्रंका, फिरकीचे तांबे व लहान मुले यांचा तिच्याभोवती कोट रचावयाचा. जवळ दशम्या, कोरडी चटणी आणि बोट लागू नये म्हणून लिंबू. बोट लागावयाची ती लागेच. लिंबाने समाधान तेवढे होई. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे एकामागून एक येत. पुष्कळ ठिकाणी बोट समुद्रातच उभी राही व उतारूंना हेलकावणाऱ्या पडावात उतरावे लागे. खलाशी मुलांना वरून खाली अक्षरशः झेलून घेत. आमची आजी सांगे की, पडावात पाय ठेवताना ती डोळे मिटून घेई आणि वाळूवर पाय लागल्यावरच उघडी. हा विनोदाचा विषय नव्हता. 17 जुलै 1947 रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर आजी बोटीत बसताना समुद्रास नारळ देई. तो मात्र वहीत नोंदलेला आहे.

गावी पोहोचल्यानंतर काय होई हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी आईच्या किंवा आजीच्या तोंडून ऐकलेच असेल. एक वर्ष आजीच्या माहेरी, एक वर्ष आजोबांच्या मूळ घरी, असा आमच्याकडे क्रम होता, आणि मुलांच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक नव्हता. तेच आंबे, तीच विहीर, तोच माजघरातला गारवा. आजीच्या दृष्टीने मात्र ही दोन निराळी जगे होती. माहेरी ती उशिरा उठे. सासरच्या घरी तिची मुंबईतली चूल सुटून कोकणातली चूल हाती येई, एवढाच बदल. चार भावांची बिऱ्हाडे एकत्र आली म्हणजे वीस-पंचवीस पाने सहज होत. पहिली पंगत मुलांची, दुसरी पुरुषांची, आणि बायका जेवून उठत तो दुपारच्या चहाची वेळ झालेली असे. त्यातच पापड, सांडगे, फणसपोळी, आंबापोळी, आमसुले, लोणची यांची वर्षाची बेगमी याच महिन्यात व्हावयाची, कारण ऊनही याच महिन्याचे आणि हातही याच महिन्यात जमलेले. परतीच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा या पदार्थांचे वजन अधिक असे. तेव्हा या सुट्टीस विश्रांती म्हणणारे कोण होते हे पाहून घ्यावे.

सर्वांत अधिक भार होता तो वर्षभर त्या घरातच राहणाऱ्या एका व्यक्तीवर. अशा घरांत बहुधा एखादी सोवळी आत्या असे. लहानपणीच कपाळ पुसले गेलेले, अंगावर आलवण, स्वतःचे म्हणावयास घरात एक कोपरा. पाहुणे येण्यापूर्वी ती शेणाने अंगण सारवी, लाकडे रचून ठेवी, कुळीथ भाजून त्याचे पीठ करी. पाहुणे गेल्यावर अंथरुणे धुऊन वाळवी. आमच्या आजोबांची अशी एक बहीण होती. तिने मुंबई कधी पाहिली नाही. वहीत तिच्या नावे वर्षातून एकदा एका लुगड्याची नोंद येते. तिच्या श्रमाचा मोबदला म्हणून ती नोंद केलेली नाही, भेट म्हणून केली आहे. आणि आजोबा तर हिशेबाला अत्यंत चोख मनुष्य होते.

असो. श्रम घरच्या बायकांचे, हे झाले. परंतु पंचवीस पानांवर वाढला जाणारा भात कोठून येई? येथे आपणांस घराच्या उंबऱ्याबाहेर पडावे लागते. रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत खोतीची पद्धत होती. खोत सरकारात सारा भरी आणि कुळांकडून धान्यरूपाने मक्ता घेई. पुष्कळ जागी वेठही घेई. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमान होते. या बाबतीत कोणासही कोणाकडे बोट दाखविण्यास जागा नाही. आजीचे माहेर लहानशा खोताचे. कणगीतला भात कुळांनी आणून घातलेला, फणस कुळाच्या डोक्यावरून आलेला, विहिरीवरचा रहाट चालविणारा गडी कुळाच्या घरचा. आमच्या वडिलांना त्या गड्याचे नाव आठवत असे आणि त्याने करून दिलेली पिपाणीही आठवत असे. त्याला त्या दिवसाचे काय मिळाले, हे मात्र त्यांनी कधी विचारले नव्हते.

आणि त्या गड्याचा भाऊ किंवा मुलगा बहुधा मुंबईत, परळ-लालबागच्या गिरणीत असे. कुळाच्या घरी मक्ता देऊन उरलेल्या भातात पोट भरत नसे, म्हणून गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरवर घर तगे. या कामगारांना आठवड्याची रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 1890 साली मिळाली. पगारी रजा कायद्याने मिळू लागली ती 1945 च्या दुरुस्तीनंतर, वर्षास दहा दिवस. तत्पूर्वी शिमग्यास, गणपतीस किंवा पेरणीच्या तोंडावर तो गावी जाई तेव्हा पगार बुडे, आणि परतल्यावर जागा शिल्लक असेलच याचा भरवसा नसे. 1931 साली मजूर कमिशनने आपल्या अहवालात कामगाराचा खेड्याशी असलेला संबंध हिताचा म्हणून वाखाणला. संबंध हिताचा होता यात शंका नाही. कोणाच्या हिताचा, एवढाच प्रश्न. बोटीच्या डेकवर आमच्या आजोबांच्या सतरंजीपासून चार हातांवर हा मनुष्य आपली घोंगडी पसरून बसलेला असे. दोघेही एकाच बंदरावर उतरत, कदाचित एकाच गावी जात. एक भात खाण्यास जाई, दुसरा तो पिकविण्यास.

हे सर्व असेच निमूटपणे चालले होते असे मात्र नव्हे. 1933 पासून अलिबाग तालुक्यातील चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली जमिनी पड टाकल्या आणि 1939 पर्यंत तो संप टिकविला. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे बिल आणले, आणि 1938 च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. त्या वर्षीच्या वहीत याचा काही उल्लेख असेल म्हणून आम्ही मुद्दाम पाहिले. वैशाखातील पान नेहमीसारखेच कोरे आहे.

पाहुण्याचे पान हा खर्च आहे, ही जाणीव मध्यमवर्गास प्रथम युद्धाने करून दिली असे आम्हांस वाटते. 1943 साली मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. एका माणसाचा भात म्हणजे किती, हे मापाने ठरले. चाळीत कोणाकडे भाचा राहावयास आला तर त्याच्या वाट्याचे धान्य कोठून आणावे याची चर्चा उघडपणे होऊ लागली. पूर्वी ती चर्चा करणेच असभ्यपणाचे मानले गेले असते. याच सुमारास फ्रान्स व इंग्लंड या देशांत हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटत होता. फ्रान्सने 1936 मध्ये कामगारांस पंधरा दिवसांची पगारी रजा व सवलतीचे रेल्वे तिकीट दिले. इंग्लंडने 1938 मध्ये पगारी रजेचा कायदा केला. तेथे गरिबाच्या सुट्टीचा भार कारखानदारावर व सरकारवर गेला. आपल्याकडे तो नातलगांवर, आणि नातलगांकडून आणखी खाली, सरकत राहिला.

पुढील पंधरा-सोळा वर्षांत हे सर्व पालटले. 1948 च्या आरंभी देशावरच्या अनेक खेड्यांत ब्राह्मणांची घरे जळाली आणि तेथील कित्येक कुटुंबांस परतण्याजोगे गावच उरले नाही. त्याच वर्षी 1 जूनला पुणे-नगर मार्गावर सरकारी मोटार सुरू झाली, या एस.टी.ने हळूहळू आडगावेही जोडली. 1949 मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला. 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला आणि कुळकायद्याने कसणाऱ्याकडे जमीन गेली. त्याच्या आगेमागेच, 1956 मध्ये, केंद्र सरकारने आपल्या नोकरांस मूळ गावी जाण्यासाठी प्रवासाची सवलत दिली. गावास जाण्याचे भाडे सरकार देऊ लागले आणि गावची कणगी रिती झाली, अशी ही गंमत. आमच्या आजोबांना मात्र ती सवलत लागू नव्हती. त्यांची नोकरी खाजगी पेढीतली.

आमच्या नातेवाइकांत कुळकायद्याविषयी कडवटपणे बोलणारी माणसे पुष्कळ होती. मामांचे घर त्यानंतर खरोखरच ओढग्रस्तीस आले, हे आम्ही नाकारीत नाही. मुलांचे शिक्षण अडले, माडी विकली गेली. ते दुःख खरे होते. परंतु आमच्या वडिलांच्या बालपणीच्या ज्या सोन्यासारख्या सुट्ट्यांचे वर्णन ऐकत आम्ही वाढलो, त्या सुट्ट्या पंचवीस-तीस वर्षे दुसऱ्या कोणाच्या भातावर चालल्या होत्या, हेही तितकेच खरे. या दोन गोष्टींपैकी एकच सांगावयाची अशी आमच्या घरात रीत होती, म्हणून दुसरी येथे लिहिली.

आजोबांची शेवटची वही 1958 ची आहे. त्या वर्षी वैशाखात मंडळी आजीच्या माहेरी गेली होती, पण पंधरा दिवसांपुरतीच. तिकिटे, हमाल, पडाववाला, बैलगाडी या ओळी नेहमीप्रमाणे आहेत. त्यांच्याखाली पहिल्यांदाच तांदूळ, गूळ व तूरडाळ विकत घेतल्याची नोंद आहे, आणि तिच्याखाली रहाटावरच्या गड्याचे नाव लिहून त्यापुढे ‘मजुरी’ असा शब्द आहे.